रेणू की अर्क? वनस्पतिरसायनशास्त्रातील एका जुन्या प्रश्नाचा आढावा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानात खोकल्याचे औषध मागितले, की दोन तऱ्हेच्या बाटल्या पुढे येतात. एकीवर अडुळशाच्या पानांचे चित्र असते, दुसरीवर ब्रोमहेक्झिन असे नाव. दोन्हींचे मूळ एकच. अडुळशाच्या पानांत व्हॅसिसिन नावाचा अल्कलॉइड असतो. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगळा काढला गेला आणि त्याच्या रचनेवर बेतलेले ब्रोमहेक्झिन १९६०च्या दशकात युरोपातून बाजारात आले. दुकानदाराला या सोयरिकीशी देणेघेणे नसते. वनस्पतिरसायनशास्त्रात मात्र या दोन बाटल्यांवरून दोनशे वर्षे वाद चालू आहे: वनस्पतीचा गुण तिच्यातल्या एखाद्या रेणूत असतो, की अर्कातल्या सगळ्या रेणूंच्या मेळात?

या वादाकडे ‘आयुर्वेद विरुद्ध ॲलोपथी’ म्हणून पाहायची आपल्याकडे सवय आहे. तसे पाहिले की बाजू घेणे सोपे जाते, पण प्रश्न हातातून निसटतो. कारण अर्काच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावे रसायनशास्त्रज्ञांच्याच प्रयोगशाळांतून आले आहेत, आणि रेणूच्या बाजूची काही महत्त्वाची कामे जुन्या वैद्यकग्रंथांतली टिपणे वाचून सुरू झाली आहेत. माझ्या मते या प्रश्नाला सर्व वनस्पतींसाठी एकच उत्तर नाही. दर वनस्पतीगणिक ते बदलते, आणि किती बदलते हे मोजण्याची साधने आता कुठे हाती येऊ लागली आहेत.

वेगळे काढण्याची परंपरा

सुरुवात अफूपासून झाली. जर्मनीतील सेर्ट्युर्नर या तरुण औषधविक्रेत्याने १८०५च्या सुमारास अफूतून मॉर्फिन वेगळे काढले. तोवर अफू कधी गुंगी आणायची, कधी जीव घ्यायची, आणि दोन्हींमधला फरक वैद्याच्या अनुभवावर सोडलेला असायचा. मॉर्फिन तोलून देता येऊ लागले. पुढे पॅरिसच्या पेलेतिये आणि काव्हांतू या जोडीने १८१८ मध्ये स्ट्रिक्नीन आणि १८२० मध्ये सिंकोना सालीतून क्विनीन काढले. स्ट्रिक्नीन म्हणजे कोकणात ज्याला काजरा म्हणतात त्याच्या बियांतले विष.

वनस्पती हे पदार्थ बनवते कशासाठी, हे कोडे बराच काळ तसेच राहिले. १८९१ मध्ये कोसेलने जगण्याला अनिवार्य अशी प्राथमिक द्रव्ये आणि बाकीची दुय्यम द्रव्ये अशी विभागणी केली. दुय्यम म्हणजे जवळजवळ टाकाऊ, असा समज त्यातून रूढ झाला. १९५९ मध्ये फ्रेंकेल या कीटकशास्त्रज्ञाने ही द्रव्ये मुख्यतः किडींविरुद्धची हत्यारे आहेत असे ठामपणे मांडले, तेव्हा चित्र पालटले. आज अल्कलॉइड, टर्पीन, फ्लॅव्होनॉइड, टॅनिन अशा गटांत मोडणाऱ्या या द्रव्यांच्या संख्येचे अंदाज दोन लाखांच्या पुढे जातात. आपल्या वादाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की किडीशी लढताना वनस्पती क्वचितच एकाच रेणूवर विसंबते. ती बहुधा मिश्रण बनवते.

शोधाची पद्धत मात्र मिश्रण मोडण्याचीच ठरली. अर्क काढायचा, त्याचे भाग पाडायचे, प्रत्येक भागाची जंतूंवर किंवा पेशींवर परीक्षा घ्यायची, जो भाग परिणाम दाखवेल तो पुन्हा फोडायचा, आणि शेवटी एका रेणूपर्यंत पोहोचायचे. या पद्धतीने जे मिळाले ते थक्क करणारे आहे. पण भाग पाडता पाडता परिणामच नाहीसा होतो, हा अनुभवही हे काम करणाऱ्या प्रत्येकाला येतो. तो सहसा प्रबंधात लिहिला जात नाही.

सर्पगंधेची कथा या टप्प्यावर बोलकी आहे. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या मुळीचा रक्तदाबावर आणि उन्मादावर होणारा परिणाम नोंदवला. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी त्या मुळीतून अजमलीन आणि इतर अल्कलॉइड वेगळे केले; हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्याला हे नाव मिळाले. रक्तदाब उतरवणारा मुख्य रेणू मात्र त्यांत नव्हता. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आपल्या रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला, तोही सबंध मुळीच्या गोळ्यांचा. रेसरपीन हाती लागले १९५२ मध्ये, सिबा कंपनीच्या स्वित्झर्लंडमधील प्रयोगशाळेत. म्हणजे मुळी आधी सिद्ध झाली, रेणू मागून आला. दोन्ही पक्ष ही कथा आपापल्या बाजूने सांगतात, आणि दोघांचेही म्हणणे खरे आहे.

रेणूचा पक्ष

या पक्षाचा पहिला मुद्दा मात्रेचा आहे. दोन डोंगरांवरच्या, दोन ऋतूंतल्या एकाच जातीच्या झाडांत एखादा रेणू कित्येक पटींनी कमीजास्त असू शकतो. काढा तोच, गुण वेगळा. रेणू वेगळा काढला की मात्रा मिलिग्रॅममध्ये सांगता येते, दुसऱ्या देशात तोच प्रयोग करून पाहता येतो आणि शरीरात त्याचे काय होते याचा माग काढता येतो.

दुसरा मुद्दा यशाचा. चीनमध्ये १९६७ मध्ये सुरू झालेल्या मलेरियाविरोधी मोहिमेत तू यूयू यांनी गे हाँग यांच्या चौथ्या शतकातील ग्रंथातला एक उपाय वाचला. तिथे वनस्पती उकळायला नव्हे, तर पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती. त्यावरून त्यांनी कमी तापमानात ईथरने अर्क काढला आणि त्यातून आर्टेमिसिनिन मिळाले. २०१५चे नोबेल पारितोषिक त्याच कामासाठी.

आपल्याला जवळचे उदाहरण कर्करोगाच्या औषधांचे आहे. नंदुरबारला जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले मनसुख वाणी यांनी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनात मन्रो वॉल यांच्याबरोबर १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन आणि १९७१ मध्ये यू वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल या रेणूंच्या रचना उलगडल्या. कर्करोगाच्या औषधोपचारात या दोन रेणूंचे स्थान किती मोठे आहे, हे कुठल्याही रुग्णालयाच्या कर्करोग विभागात विचारले तरी कळेल. त्यांच्या कामाच्या मानाने महाराष्ट्रात वाणींचे नाव फारच कमी घेतले जाते.

पण याच कथेत एक बारकावा आहे. कॅम्प्टोथेसिन जसेच्या तसे औषध झाले नाही. १९७०च्या दशकातल्या चाचण्या मूत्राशयावरच्या गंभीर दुष्परिणामांमुळे थांबवाव्या लागल्या. त्याच्या रचनेत फेरफार करून बनवलेली टोपोटेकान आणि आयरिनोटेकान ही औषधे १९९६ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. म्हणजे रेणूच्या पक्षातही निसर्गाने दिलेला रेणू हा पुष्कळदा आराखडाच असतो.

तिसरा मुद्दा विषाचा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन घटवण्याच्या वनौषधी घेणाऱ्या अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. एका चिनी वनस्पतीच्या जागी ईश्वरीच्या कुळातली वनस्पती मिसळली गेली होती, आणि तिच्यातले ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडाला घातक असते. सबंध अर्कात चांगल्याबरोबर वाईटही येते, हा या पक्षाचा आक्षेप तेव्हापासून अधिक धारदार झाला.

अर्काचा पक्ष

इथे ‘सगळे मिळून काम करते’ असे नुसते म्हणून भागत नाही. कसे, ते दाखवावे लागते. आणि काही ठिकाणी ते फार सुंदर रीतीने दाखवले गेले आहे. दारुहळदीच्या कुळातील झुडपांत बर्बेरीन हे पिवळे द्रव्य असते. जंतूंविरुद्ध ते एकटे दुबळे ठरते, कारण स्टॅफिलोकोकस जंतू ते आत शिरताच बाहेर उपसून टाकतात. २००० मध्ये स्टर्मिट्झ आणि लुईस यांच्या गटाने दाखवले, की त्याच झुडपांत आणखी एक रेणू असतो जो स्वतः जंतूला काहीच करत नाही, पण हा उपसा बंद पाडतो. दोन्ही मिळाले की बर्बेरीन प्रभावी होते. भाग पाडण्याच्या पद्धतीत हा दुसरा रेणू निरुपयोगी म्हणून फेकला गेला असता.

माणसांवरचा पुरावा खाजकुहिलीच्या बियांचा. कंपवातावर दिल्या जाणाऱ्या लेव्होडोपाचा हा नैसर्गिक साठा. भारतीय शास्त्रज्ञांनी १९३७ मध्येच तो ओळखला होता. लंडनमध्ये २००४ साली झालेल्या एका प्रयोगात बियांच्या चूर्णाची तुलना नेहमीच्या लेव्होडोपा-कार्बिडोपा गोळीशी केली गेली. ३० ग्रॅम चूर्णाचा परिणाम सरासरी ३५ मिनिटांत सुरू झाला, गोळीचा ६९ मिनिटांत. आणि अनैच्छिक हालचाली न वाढता तो अधिक वेळ टिकला. प्रयोग आठच रुग्णांवर आणि एकेका मात्रेपुरता होता. नंतर चौदा रुग्णांनी हे चूर्ण सोळा आठवडे घ्यायचे असा अभ्यास झाला, तेव्हा सात जणांनी पोटाच्या त्रासामुळे किंवा हालचाली बिघडल्यामुळे ते मध्येच सोडले. चूर्णाचे कौतुक करणाऱ्या लेखांत पहिला अभ्यास हटकून येतो, दुसरा सहसा येत नाही.

मलेरियाबाबत हा पक्ष सर्वांत वादग्रस्त आहे. २०१५ मध्ये उंदरांवरील एका अभ्यासात आढळले, की शुद्ध आर्टेमिसिनिनच्या तुलनेत वाळवलेल्या सबंध पानांविरुद्ध परजीवींमध्ये प्रतिकार निर्माण व्हायला तिप्पट वेळ लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०१९ मध्ये पानांचा चहा किंवा चूर्ण वापरण्याला पाठिंबा देण्याचे नाकारले. पानांत आर्टेमिसिनिन किती आहे याची खात्री नसते, आणि अपुऱ्या मात्रेमुळे प्रतिकार उलट वाढेल, ही तिची भीती आहे. एकच धोका टाळण्यासाठी दोन्ही पक्ष परस्परविरुद्ध सल्ला देतात.

आयुर्वेदाचे म्हणणे आणखी वेगळे आहे. त्याच्या दृष्टीने औषध म्हणजे नुसती वनस्पती नाही. तिच्यावर झालेले संस्कार, तिच्याबरोबरची इतर द्रव्ये आणि अनुपानही त्यात येते. याला रसायनशास्त्राने एका जागी स्पष्ट दुजोरा दिला आहे. बचनागातले ॲकोनिटीन अत्यंत विषारी. पण शोधनात उकळले की त्याचे विघटन होऊन बरेच सौम्य रेणू तयार होतात. म्हणजे वैद्याच्या हातातला ‘सबंध’ बचनाग रासायनिकदृष्ट्या जंगलातला बचनाग उरलेलाच नसतो. रेणू की अर्क या प्रश्नात ही तिसरी शक्यता बहुतेक चर्चांतून गळून पडते.

गुग्गुळ आणि हळद

गुग्गुळावर भारतात जितके पद्धतशीर काम झाले तितके फार थोड्या वनस्पतींवर झाले असेल. सुश्रुतातील मेदोरोगाच्या वर्णनापासून सुरुवात करून जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर प्रयोग केले. त्यांचा प्रबंध १९६६चा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुखदेव आणि सहकाऱ्यांनी गुग्गुळातील स्टेरॉइडांच्या रचना उलगडून १९७२ मध्ये प्रसिद्ध केल्या. गुग्गुलस्टेरोन हा कळीचा रेणू मानला गेला. त्याचे प्रमाण ठरवून बनवलेला ‘गुगुलिपिड’ हा अर्क १९८०च्या दशकात कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध म्हणून भारतात आला. हा रेणू यकृतातील कोणत्या ग्राहीवर काम करतो, तेही २००२ मध्ये अमेरिकेत दाखवले गेले. ग्रंथ, प्राणी, रेणू, यंत्रणा, रुग्ण अशी साखळी जुळत आली होती.

मग २००३ मध्ये जामा या नियतकालिकात अमेरिकेतील चाचणी प्रसिद्ध झाली. १०३ जणांना आठ आठवडे अर्क किंवा निष्क्रिय गोळी दिली होती. अर्क घेणाऱ्यांचे वाईट कोलेस्टेरॉल चार ते पाच टक्क्यांनी वाढले, निष्क्रिय गोळीवाल्यांचे पाच टक्क्यांनी घटले. काहींच्या अंगावर पुरळ उठले.

या निकालाचा अर्थ काय, यावर आजही एकमत नाही. कोणी म्हणतात, भारतातल्या आधीच्या चाचण्या लहान होत्या आणि नीट नियंत्रित नव्हत्या. मोठी काटेकोर चाचणी होताच परिणाम विरला. कोणी म्हणतात, अमेरिकी आहार आणि भारतीय आहार यांत फरक आहे. वैद्यांचा आक्षेप असा, की त्रिफळाच्या काढ्यात शोधन न केलेला, इतर द्रव्यांवाचूनचा एकटा गुग्गुळ ही शास्त्रोक्त योजनाच नव्हे. पहिल्या स्पष्टीकरणाला आकड्यांचे बळ आहे. तिसरे तपासता येण्याजोगे आहे, पण तितक्याच काटेकोरपणे तपासले गेलेले नाही.

हळदीचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे, आणि त्यात पैसाही जास्त. गाठ्यात कुर्कुमिन साधारण दोन ते पाच टक्के असते. १८१५ मध्ये ते वेगळे काढले गेले आणि १९१० मध्ये त्याची रचना कळली. जखमा भरण्यासाठी हळद वापरण्यावरचे अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरचा तो लढा मराठी वाचकाला ठाऊक आहे. पण तो लढा हळदीचा उपयोग जुना आहे हे सिद्ध करण्याचा होता. उपयोग होतो का, हा वेगळा प्रश्न, आणि आपल्याकडे या दोहोंची सर्रास गल्लत होते.

२०१७ मध्ये नेल्सन, वॉल्टर्स आणि सहकाऱ्यांनी औषधी रसायनशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकात कुर्कुमिनवर विस्तृत टीका केली. हा रेणू अस्थिर आहे, आतड्यातून फारसा शोषला जात नाही, आणि प्रयोगशाळेतल्या अनेक चाचण्यांत तो स्वतः चमकून किंवा प्रथिनांना अंदाधुंद चिकटून खोटे होकार देतो, असे त्यांनी दाखवले. शंभराहून अधिक चाचण्या होऊनही दुहेरी अंध, नियंत्रित चाचणीत निर्विवाद यश नाही, असे त्यांचे म्हणणे. विरोधकांनी उत्तर दिले की सगळ्या चाचण्या एका फटक्यात मोडीत काढणे बरोबर नाही. २०२३ मध्ये थायलंडमधील एका चाचणीत अपचनाच्या तक्रारींवर कुर्कुमिन ओमेप्राझोलच्या तोडीचे ठरलेही. कुर्कुमिन शोषलेच जात नसेल तर ते पोटातच काम करत असेल का? की हळदीचा गुण कुर्कुमिनमध्ये नसून इतर द्रव्यांत असेल? हे दोन्ही प्रश्न उघडे आहेत.

मिरीचे उदाहरण इथे अर्काच्या पक्षाकडून नेहमी पुढे केले जाते. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दाखवले की मिरीतले पिपेरीन सोबत दिल्यास रक्तातले कुर्कुमिन २००० टक्क्यांनी वाढते. त्यावर पूरक गोळ्यांची मोठी बाजारपेठ उभी राहिली. २०१९ मध्ये इटलीत आणि पुढे अमेरिकेत अशा पूरकांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी झाल्या. त्यांतल्या काही गोळ्यांत पिपेरीनही होते. सांगलीच्या बाजारात राजापुरी हळद घेणाऱ्याला याची धास्ती बाळगायचे कारण नाही. आमटीतली चिमूटभर हळद आणि शोषण मुद्दाम वाढवलेली सांद्र गोळी यांची तुलनाच होत नाही. पण शोषण वाढवणे म्हणजे सुधारणाच, हे गृहीतक डळमळले आहे.

बाटलीत नेमके काय आहे

दोन्ही पक्षांच्या वादाला खालून पोखरणारा प्रश्न ओळखीचा आहे. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा झाला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतील डॉक्टरांना गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताची इजा आढळली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की वनस्पतीची ओळख पक्की केलेली नाही आणि गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात वापरली गेली असावी. पुढे तेरा केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास आला. त्यांतल्या अनेकांना स्वप्रतिकारशक्तीचे विकार आधीपासून असण्याची शक्यता त्यात मांडली गेली. प्रतिकारशक्ती ‘वाढवते’ म्हणून घेतलेली वनस्पती अशा लोकांत उलटते का, हा गंभीर प्रश्न आहे, आणि वनस्पतीची ओळख पक्की केल्याशिवाय त्याचे उत्तर मिळणार नाही.

ओळखीसाठी आज वर्णलेखनाचे ठसे आणि डीएनएची तपासणी ही साधने आहेत. अडचण पुढची आहे: अर्काचे प्रमाणीकरण कशावर करायचे? सोयीसाठी एखादा सहज मोजता येणारा रेणू निवडून त्याची टक्केवारी बाटलीवर छापतात. गुण त्याच रेणूत असेल तर अर्काची गरज काय, आणि नसेल तर टक्केवारीचा उपयोग काय, हा पेच कायम राहतो.

भारताने २०१५ मध्ये औषध नियमांत एक मधली वाट काढली. ‘फायटोफार्मास्युटिकल’ या नव्या वर्गात शुद्ध केलेला, प्रमाणित अर्कभाग येतो. त्यात किमान चार द्रव्ये मोजून दाखवावी लागतात आणि आधुनिक औषधासारख्याच चाचण्या द्याव्या लागतात. वासनवेलीच्या अर्कावर डेंग्यू आणि करोनासाठी झालेल्या चाचण्या याच वाटेवरच्या. अमेरिकेनेही वनस्पतिजन्य मिश्रणांसाठी स्वतंत्र मार्ग ठेवला आहे. त्यातून २००६ मध्ये ग्रीन टीच्या अर्काचे मलम आणि २०१२ मध्ये अतिसारावरचे एक औषध मान्य झाले. वाट आहे, पण तिच्यावर वर्दळ फार कमी आहे.

कच्च्या मालाचा हिशेब

हा वाद जंगलालाही भिडतो. गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन शोधले. मूळ चिनी वृक्षापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात. पुढची काही दशके नरक्याची बेकायदा तोड आणि वन विभागाच्या कारवाया यांच्या बातम्या कोकण-कोल्हापूर पट्ट्यातून येत राहिल्या. गुग्गुळाचे झुडूपही अतिधोक्याच्या यादीत आहे.

रेणू पुरेसा असेल, तर झाडाला पर्याय निघू शकतो. सदाफुलीच्या पानांतून व्हिन्ब्लास्टिनचा एक ग्रॅम काढायला सुमारे ५०० किलो सुकी पाने लागतात असे सांगितले जाते. त्याचे पूर्वगामी रेणू २०२२ मध्ये यीस्टमध्ये बनवले गेले. नरक्याच्या आत राहणारी बुरशी स्वतंत्रपणे कॅम्प्टोथेसिन बनवते, असाही दावा २००५ मध्ये झाला. पण प्रयोगशाळेत काही पिढ्या वाढवल्यावर अशा बुरशींचे उत्पादन घटत जाते. टॅक्सॉल बनवणाऱ्या बुरशीबाबत १९९३ मध्ये मोठी आशा निर्माण झाली होती. २०१३ मध्ये जनुके तपासल्यावर त्या दाव्यावरच शंका उपस्थित झाली. रेणू झाड बनवते, बुरशी बनवते, की दोघे मिळून, हे अजून ठरायचे आहे. अर्कच हवा असेल तर यीस्ट कामाचे नाही. मग लागवड, पारखी हात आणि स्वच्छ साखळी यांना पर्याय उरत नाही.

काय बाकी आहे

मुंबईचे अशोक वैद्य आणि पुण्याचे भूषण पटवर्धन यांनी पुरस्कारलेला ‘उलट औषधशास्त्रा’चा मार्ग असा, की आधी रुग्णात जे दिसते ते काटेकोर नोंदवायचे, मग प्रयोगशाळेत त्याचे कारण शोधायचे. रुस्तम वकील यांची सर्पगंधा नेमकी याच क्रमाने गेली होती. टीकाकारांचे म्हणणे असे, की सुरुवातीची निरीक्षणे नियंत्रित नसतील तर पुढचा सगळा शोध चुकीच्या पायावर उभा राहतो. गुग्गुळाने दोन्ही बाजूंना दाखले दिले आहेत.

खरी उणीव आहे ती थेट तुलनेची. एकच वनस्पती, एकच आजार. एका गटाला शुद्ध रेणू, दुसऱ्याला तेवढाच रेणू असलेला अर्क, तिसऱ्याला निष्क्रिय गोळी. अशा चाचण्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, आणि त्या का होत नाहीत हेही उघड आहे. जुन्या रेणूवर पेटंट मिळत नाही, म्हणून औषध कंपनीला रस नाही. शास्त्रोक्त आयुर्वेदिक औषधाला ग्रंथाधारावर परवाना मिळतो, म्हणून अर्क बनवणाऱ्याला गरज नाही. उरतो सरकारी निधी आणि एखाद्या चिकाटीच्या गटाची हौस. कुहिलीच्या लंडनमधल्या प्रयोगात आठ रुग्ण होते. त्यानंतर बोलिव्हियात झालेल्या दुहेरी अंध प्रयोगात अठरा.